पुण्याच्या मऊ पाण्यात अडकलेली सायकल: एका ३ फुटी टँकची पूर्ण केस

ही केस माझ्या ताईच्या घरच्या माशांच्या टँकची आहे, सिंहगड रोड, पुणे. टँक ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे हिशोबाने सव्वाशे लिटरच्या थोडा वर, पण ग्रॅव्हल आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १०० लिटर धरायचं, आणि खाली जे डोस दिलेत ते सगळे या १०० लिटरचे आहेत. पाणी महापालिकेच्या नळाचं, खडकवासल्याचं. हे मुद्दाम आधी सांगतोय कारण या केसची किल्ली पाण्यातच आहे. नवीन टँक सायकल करायच्या, म्हणजे माशांचा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवून घ्यायच्या, ज्या गाइड आपण वाचतो त्यात अमोनिया टाका, थांबा, मोजा एवढंच असतं, कारण त्या लिहिणाऱ्यांच्या नळाला बऱ्याचदा जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी येतं आणि तिथे तेवढं पुरतं. आपल्याकडे मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी मऊ, त्यात तेच केलं की सायकल मध्येच थांबू शकते, मग माणूस महिनाभर वाट बघतो नाहीतर कंटाळून मासे सोडून टाकतो.

आधी काय झालं होतं

टँक भाचीच्या वाढदिवसाला आला, दुकानातून सगळं पॅकेजच होतं, टँक, टॉप फिल्टर, निळी लाइट, रंगीत ग्रॅव्हल आणि वर मासे. दोन एंजल, दोन गोल्डफिश, सहा विडो टेट्रा आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. दुकानदाराने सांगितलं की पाणी भरा, २४ तास फिल्टर चालवा आणि मासे सोडा, आणि हा सल्ला इतक्या दुकानांत इतक्या खात्रीने दिला जातो की ताई-दाजींनी तो मानला यात त्यांची काहीच चूक नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पांढरट झालं, मासे वरती येऊन तोंड उघडझाप करायला लागले. दुकानात फोन केला तर निळं औषध घाला म्हणाले, म्हणजे मिथिलीन ब्लू. ते घातलं. मग सगळं पाणी काढलं, ग्रॅव्हल बादलीत घासून धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळला, नवीन पाणी भरलं, मासे परत सोडले. दोन दिवस बरे वाटले आणि परत तेच. दोनेक आठवड्यात गोल्डफिश गेले, एंजल गेले, टेट्रा एकेक करून गेले आणि शेवटी दोन टेट्रा आणि सकर उरला. भाचीने ताईला विचारलं की मी त्यांना जास्त खायला घातलं म्हणून गेले का. ते ऐकून मी त्याच संध्याकाळी पाणी तपासायचं किट घेऊन गेलो.

किटवर एकूण अमोनिया ४ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम), पीएच साडेसात, तापमान २७, आणि नायट्राइट, म्हणजे अमोनिया खाऊन बॅक्टेरिया जे तयार करतात ते, शून्य. या शेवटच्या शून्याने सगळं सांगितलं. दोन आठवडे मासे असलेल्या टँकमध्ये थोडं तरी नायट्राइट दिसायला हवं, म्हणजे अमोनिया खाणारे बॅक्टेरिया निदान आलेत तरी असं कळतं. इथे ते आलेच नव्हते, कारण जे काही थोडे स्पंजवर, ग्रॅव्हलवर जमत होते ते प्रत्येक वेळी क्लोरीनच्या पाण्याखाली धुतले जात होते आणि उरलेल्यांवर मिथिलीन ब्लू. मिथिलीन ब्लू हे बुरशीवर चांगलं औषध आहे, वेगळ्या बादलीत वापरायला मी पण ठेवतो, पण मेन टँकमध्ये घातलं की ते फिल्टरच्या बॅक्टेरियाला पण मारतं.

४ पीपीएमचा अर्थ समजून घ्यायला थोडं केमिस्ट्रीत जावं लागेल, पण ते कामाचं आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांमधून टाकतो, म्हणजे उपाशी ठेवला तरी टाकतोच, त्यामुळे भाचीने चार दाणे जास्त घातले की कमी याने इथे काही फरक पडणार नव्हता, आणि हे मी तिला बसवून नीट सांगितलं. पाण्यात गेलेला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी अमोनिया आणि दुसरा अमोनियम, जो त्या मानाने बराच निरुपद्रवी. किट दोघांची बेरीज दाखवतं. कोणता किती हे पीएच आणि तापमानावर ठरतं. पीएच साडेसात आणि २७ डिग्रीला साधारण २ टक्के विषारी रूपात असतो, म्हणजे ४ पीपीएमपैकी ०.०८ पीपीएम, आणि ०.०२ च्या वर माशांना इजा व्हायला सुरुवात होते असं धरतात. चौपट. कल्ले जळतात, पाण्यात ऑक्सिजन असला तरी तो घेता येत नाही, म्हणून मासा वर येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, आणि माणूस एअर पंप वाढवतो.

पांढरट पाण्याबद्दल एवढंच की ते वेगळे बॅक्टेरिया, कुजणाऱ्या अन्नावर वाढणारे, फार वेगाने वाढतात आणि आपोआप बसतात. त्यांचा सायकलशी संबंध नाही, त्यासाठी पाणी बदलायची पण गरज नाही.

उरलेले दोन टेट्रा आणि सकर मी माझ्याकडे आणले आणि ठरलं की आता टँक रिकामा ठेवून, मासे न घालता सायकल करायची.

सायकल म्हणजे नक्की कोणाची वाट बघायची

अमोनियाचं नायट्राइट करणारे एक, नायट्राइटचं नायट्रेट करणारे दुसरे, असं आपण शिकतो आणि कामापुरतं ते बरोबर आहे. नायट्राइट पण विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी होतं आणि मासा आतून गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं.

पुस्तकांमध्ये बरीच वर्षं नायट्राइट खाणारा म्हणून नायट्रोबॅक्टरचं नाव असायचं, पण १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये शोधलं तर तिथे नायट्रोस्पायरा जातीचे बॅक्टेरिया काम करताना सापडले. मग २०११ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात दिसलं की बऱ्याच घरगुती टँकच्या फिल्टरमध्ये अमोनिया खायचं काम बॅक्टेरियापेक्षा आर्किया नावाचे जीव जास्त करतात, आणि २०१५ मध्ये असे नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात, आणि त्यातल्या एका गटाचा शोध मासे पाळायच्या यंत्रणेच्या फिल्टरमधूनच लागला होता. मला ही सगळी हकीकत फार आवडते, आपल्या हॉलमधल्या काचेच्या पेटीत काय चाललंय हे जगाला इतक्या उशिरा कळलं.

आपल्या कामाची गोष्ट ही की हे सगळे जीव सावकाश वाढतात. कुजणाऱ्या अन्नावरचे बॅक्टेरिया अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना चांगल्या परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस लागतो, नायट्राइटवाल्यांना बऱ्याचदा त्याहून जास्त, म्हणून आठवडे जातात. आणि ते पाण्यात तरंगत नाहीत, चिकटून राहतात, स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर, ग्रॅव्हलवर, काचेवर. त्यामुळे "पाणी जुनं होऊ दे" हा सल्ला अर्धवट आहे. पाणी कितीही जुनं असू दे, स्पंज नवा असेल तर टँक नवाच.

दुसऱ्यांदा सुरुवात

मिथिलीन ब्लू काढायला सगळं पाणी बदललं, दोन दिवस फिल्टरमध्ये रंग शोषणारा कार्बन चालवला, निळा पडलेला स्पंज फेकून नवीन आणला. टॉप फिल्टर ठेवला आणि जोडीला एअर पंपवरचा साधा स्पंज फिल्टर लावला, कारण अमोनियाचं नायट्रेट करायला खूप ऑक्सिजन लागतो, अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनला साडेचार ग्रॅमच्या वर, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात ऑक्सिजन तसाच कमी विरघळतो. नवीन पाण्यात अँटिक्लोर घातलं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असायलाच हवं, प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापर्यंत किमान ०.२ पीपीएम शिल्लक क्लोरीन सांगितलंय, ते आपल्या तब्येतीसाठी चांगलं आणि फिल्टरसाठी वाईट.

माझ्या चालू टँकमधल्या स्पंजचा एक तुकडा कापून ओल्या पिशवीत घालून नेला आणि नवीन स्पंजला लावून ठेवला. दह्याला विरजण लागतं तसंच हे. फक्त ज्याच्या टँकमध्ये आजार नाही याची खात्री आहे त्याच्याकडूनच घ्या, नाहीतर बॅक्टेरियाबरोबर व्हाइट स्पॉटचा आजार पण घरी येतो, आणि गोगलगायी तर येतातच.

आता अमोनिया. परदेशी गाइड अमोनियाची बाटली सांगतात, ती आपल्याकडे शुद्ध आणि बिनवासाची मिळवणं कटकटीचं आहे. त्यापेक्षा अमोनियम क्लोराइड घ्या, म्हणजेच नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. पण कल्हईचा किंवा किराण्यातला नवसागर आम्ही घेतला नाही, त्याच्या शुद्धतेचा भरवसा नाही. लॅब केमिकलच्या दुकानात कॉलेजच्या प्रयोगशाळेला देतात त्यातला छोटा डबा घेतला, तेवढा अनेक टँकना पुरतो.

हिशोब असा. १०० लिटरला २ पीपीएम अमोनिया करायचा तर २०० मिलिग्रॅम अमोनिया लागतो, नवसागराच्या रूपात तो साधारण ६३० मिलिग्रॅम होतो. एवढंसं घरच्या काट्यावर मोजता येत नाही म्हणून १० ग्रॅम पावडर अर्धा लिटर आरओच्या पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवली, तिच्यातलं ३० मिली सिरिंजने टँकमध्ये घातलं की २ पीपीएमच्या जवळ येतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं आणि ती वरच्या कपाटात ठेवली, लहान मूल घरात आहे. जोडीला आठवड्यातून एकदा चिमूटभर फिशफूड, कारण या जीवांना थोडा फॉस्फरस पण लागतो आणि नवसागरात तो नसतो.

दाजींनी सायकल चालवायची जबाबदारी घेतली आणि नोंदवही भाचीकडे. शाळेच्या चौकटीच्या वहीत तिने रकाने आखले, तारीख, अमोनिया, नायट्राइट, डोस दिला का. किटचे रंग बघायला तिचे डोळे आमच्यापेक्षा तयार निघाले, हिरव्याच्या कोणत्या छटेला थांबायचं यावर दाजींशी तिचे वाद व्हायचे आणि बहुतेक वेळा तीच बरोबर असायची.

पहिले काही दिवस काही हललं नाही, मग आठवडा संपता संपता अमोनिया उतरायला लागला आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली. २ चा अमोनिया शून्याला आला की परत ३० मिली. दुसऱ्या आठवड्यात डोस दोन दिवसांत संपायला लागला. स्पंजचा तुकडा कामाला आला होता. नायट्राइट किटच्या टोकाला, ५ पीपीएमच्या गडद जांभळ्यावर जाऊन बसलं. इथे एक युक्ती आहे, टोकाच्या रंगावरून खरा आकडा कळत नाही म्हणून टँकचं १ भाग पाणी आणि आरओचं ४ भाग असं मिसळून टेस्ट करायची आणि आकडा पाचने गुणायचा. तसं केलं तर १५ ते २० मध्ये आलं. तेवढं अपेक्षितच होतं, कारण १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं, चार डोसचे ८ पीपीएम म्हणजे २१ पर्यंत जाऊ शकतं.

आणि मग थांबली

पाचवा डोस गेला आणि अमोनिया २ वर तसाच. दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी पण वहीत तेच. जे बॅक्टेरिया दोन दिवसांत डोस संपवत होते ते अचानक खाईनात. नायट्राइटही जागचं हलेना. दाजींनी इकडेतिकडे विचारलं तर सल्ले भरपूर आले, दुकानातली बॅक्टेरियाची बाटली घाल, हीटर ३० वर ने, अमोनिया जास्त झालाय सगळं पाणी काढ आणि पहिल्यापासून कर, आणि एकाने सांगितलं की एवढे आठवडे झालेत म्हणजे सायकल झालीच असणार, किट जुनं असेल, सोड मासे. हा शेवटचा सल्ला ऐकला असता तर २ पीपीएम अमोनिया आणि १५ च्या वर नायट्राइटमध्ये मासे गेले असते.

मी गेलो आणि आधी पीएच बघितला, कारण वहीत तो रकानाच नव्हता. कुठल्याच सोप्या गाइडमध्ये तो रोज बघा म्हणून सांगितलेलं नसतं. किटचा रंग स्वच्छ पिवळा आला, म्हणजे तक्त्यावरचा सगळ्यात खालचा, ६ किंवा त्याच्याही खाली. सुरुवातीला साडेसात होता. मग केएच. केएचचं किट साधं असतं, ५ मिली पाण्यात थेंब थेंब टाकायचं आणि निळ्याचा पिवळा कितव्या थेंबाला होतो ते मोजायचं, प्रत्येक थेंब १ डिग्री. नळाच्या पाण्याला तिसऱ्या थेंबाला रंग बदलला. टँकच्या पाण्याला पहिल्याच थेंबाला. म्हणजे टँकमध्ये केएच संपलेला होता.

केएच म्हणजे पाण्यातला बायकार्बोनेट, आम्ल खाऊन टाकायची पाण्याची ताकद. याचा सायकलशी संबंध असा की अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल बायकार्बोनेट खातं. हे प्रमाण ठरलेलं आहे, सांडपाण्याच्या प्लांटवर काम करणाऱ्या कोणालाही तोंडपाठ असतं, अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे हीच आम्ल खायची ताकद. आपल्या किटच्या भाषेत आणलं तर ३ पीपीएम अमोनिया खाल्ला गेला की साधारण १ डिग्री केएच संपतो. आता दाजींची वही बघा, चार डोस, ८ पीपीएम, म्हणजे २.७ डिग्री. नळाच्या पाण्यात होता जेमतेम तेवढाच. पाचव्या डोसला केएच शिल्लकच नव्हता. वहीतल्या आकड्यांवरून कुठे थांबणार हे पहिल्या दिवशी कागदावर काढता आलं असतं इतकं ते नेमकं जुळलं, आणि मला तरी या केसमधलं हे सगळ्यात समाधान देणारं आहे.

केएच संपला की पीएच घसरतो आणि साडेसहाच्या खाली या जीवांचं काम मंदावतं, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतं. एक कारण असं की त्यांना खायला मुळात अमोनिया हवा असतो, अमोनियम नाही, आणि पीएच ६ ला जवळजवळ सगळा अमोनियमच असतो. किट २ दाखवतंय पण त्यांच्या ताटात काही नाही. ते मेलेले नव्हते, फक्त थांबलेले होते, म्हणून पहिल्यापासून सुरू करायचा सल्ला पण चुकीचा होता.

जड पाण्याच्या गावात केएच १२-१५ असतो, तिथे असे कितीतरी डोस पचतात आणि माणसाला केएच नावाची गोष्ट कळत पण नाही. आपल्याकडेही बोअरच्या पाण्यावर टँक असेल तर ही अडचण सहसा येत नाही. याउलट काही जण माशांना शुद्ध पाणी म्हणून पूर्ण आरओच्या पाण्याने टँक भरतात, त्यात केएच जवळपास शून्यच, तिथे सायकल पहिल्या-दुसऱ्या डोसलाच थांबणार.

खायचा सोडा

उपाय स्वयंपाकघरातच होता. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच १ डिग्रीने वाढतो. आधी निम्मं पाणी बदललं, नायट्राइट थोडं खाली आणायला, आणि मग ९ ग्रॅम सोडा मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओतला. पाकिटावर नीट वाचून घ्या, सोडाच हवा, बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च पण असतो. संध्याकाळपर्यंत पीएच सातच्या वर, केएच ४ च्या आसपास. तीन दिवसांत अडकलेला अमोनिया शून्य झाला आणि आठवड्याभरात नायट्राइटही उतरायला लागलं.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायची आहे. हे आम्ही बिनधास्त करू शकलो कारण टँकमध्ये मासे नव्हते. मासे असलेल्या टँकमध्ये पीएच घसरलाय आणि अमोनिया साठलाय अशी अवस्था असेल तर एकदम सोडा घालणं फार धोक्याचं आहे. पीएच ६.२ ला २ पीपीएम अमोनियातला विषारी भाग ०.००२, म्हणजे मासे आरामात जगतात. तोच पीएच साडेसातला नेला की विषारी भाग ०.०४, एका तासात वीसपट. खूप महिने पाणी न बदललेल्या जुन्या टँकमध्ये कोणी उत्साहाने मोठं पाणी बदलतं आणि रात्रीत मासे मरतात त्याच्यामागे पण बऱ्याचदा हेच असतं. अशा टँकमध्ये आधी थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणायचा, पीएच नंतर आणि सावकाश.

सोडा दर वेळी मोजून घालायचा नसेल तर चुन्याचं काहीतरी फिल्टरमध्ये ठेवायचं, पाणी आम्ल होईल तसं ते विरघळत राहतं. बाहेर यासाठी कोरलचा चुरा वापरतात, पण तो आपण घेऊ नये, दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ताईकडे जेवणात तिसऱ्या होतातच, त्यातले रिकामे शिंपले तिने उकळून, घासून, उन्हात वाळवून दिले, मूठभर जाळीच्या पिशवीत बांधून टॉप फिल्टरमध्ये टाकले. मीठ-मसाला लागलेले नकोत, कालवणात टाकायच्या आधी काढलेले घ्या.

वहीत आता पीएच आणि केएच असे दोन रकाने वाढले.

शेवटचा टप्पा

नायट्राइटवाल्यांनी वेळ घेतला. रोज अमोनिया शून्य होतोय आणि नायट्राइट मात्र दिसतंच आहे असे बरेच दिवस गेले, मग एका सकाळी जांभळ्याचं स्वच्छ निळं झालं आणि भाची नळी हातात घेऊन घरभर फिरली. पण एका निळ्या नळीवर थांबायचं नाही. पूर्ण झालं कधी म्हणायचं याचा नियम असा की २ पीपीएमचा डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि हे लागोपाठ निदान दोन-तीनदा. ते झालं तेव्हा सुरुवातीपासून साधारण दीड महिना झाला होता, त्यातले जवळपास दहा दिवस अडकण्यात गेलेले.

नायट्रेट टेस्टबद्दल दोन सूचना. नायट्राइट खूप असताना नायट्रेटचा आकडा खरा येत नाही, कारण ते किट नायट्राइटलाही नायट्रेट समजून रंग देतं, त्यामुळे सायकलच्या मधल्या काळात तो आकडा बघून आनंद मानू नका. आणि ड्रॉपच्या किटमधली दुसरी बाटली सांगितलंय तेवढा वेळ जोरात हलवाच, तळाला जे बसतं तेच खरं काम करतं.

सगळ्या डोसचं मिळून नायट्रेट भरपूर साठतं म्हणून मासे आणायच्या आदल्या दिवशी पाऊण टँक पाणी बदललं, अँटिक्लोर घालून. ते शनिवारी केलं. आपल्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येतं, आणि ताईकडे त्या दिवशी पाणी गढूळ आणि क्लोरीनचा वास जास्त असा अनुभव आहे, त्यामुळे मोठं पाणी बदलायला शुक्रवार टाळायचा असं ठरवून टाकलंय. गुरुवारी लाइट गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर, स्पंजमधून पाणी फिरत राहिलं पाहिजे.

माशांवर घरात चर्चा झाली. गोल्डफिश नाही, ते मोठे होतात, खूप घाण करतात आणि त्यांना गार पाणी हवं, एंजलबरोबर त्यांचं जमणारच नव्हतं. सकर माझ्याकडेच राहिला, तो फुटाच्या वर वाढतो, ३ फुटी टँकमध्ये त्याचे हाल, आणि कोणालाही नकोसा झाला तरी तो नदीत किंवा धरणात सोडू नका, हा दक्षिण अमेरिकेचा मासा आपल्या पाण्यात आधीच पसरलाय आणि आपल्या माशांची जागा खातोय. विडो टेट्रा एंजलचे लांब पर कुरतडतात म्हणून तेही माझ्याकडे. आधी सहा झेब्रा डॅनियो आणले, हे मूळचे आपल्याच उपखंडातले, काटक आणि सतत पळणारे. त्यांना सोडल्यावर आठवडाभर रोज टेस्ट, दोन्ही शून्य. २ पीपीएम पचवणारा फिल्टर सहा छोट्या माशांना भरपूर पुरतो, पण मासे कमी असले की बॅक्टेरियाही तेवढेच उरतात, म्हणून पुढचे मासे थोड्या थोड्या संख्येने आणायचे. दोनेक आठवड्यांनी सहा कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मासे, आणि त्यानंतर भाचीला हवे होते ते दोन एंजल, छोटे, रुपयाच्या नाण्याएवढे. एंजल आल्यावर दोन दिवस अमोनिया ०.२५ ला गेला, खाणं निम्मं केलं आणि तो परत शून्य झाला.

आता दर रविवारी पाव टँक पाणी बदलतात, नायट्रेट १० ते २० च्या मध्ये राहतं. स्पंज महिन्यातून एकदा, त्याच काढलेल्या टँकच्या पाण्यात दोनदा पिळून परत लावायचा, नळाखाली कधीच नाही, आणि दोन्ही फिल्टर एकाच दिवशी धुवायचे नाहीत. केएच पंधरा दिवसांनी एकदा. मे महिन्यात सोसायटीत टँकरचं पाणी मिसळायला लागले तेव्हा वहीत नळाच्या पाण्याचा केएच ३ वरून ११ वर गेलेला दिसला, बोअरचं पाणी, त्यामुळे तेवढे आठवडे पाव टँकऐवजी दोन-दोन बादल्याच बदलल्या आणि शिंपल्यांची पिशवी फिल्टरमधून काढून ठेवली, ती पावसाळ्यात टँकर थांबल्यावर परत टाकायची आहे.